तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारचे अँप बनवणारी कंपनी विकली गेल्यावर अँप तोच राहतो का?

पहिली दोन-तीन वर्षं तोच राहतो. त्यानंतर काय झालं हे बाहेरून बघून सांगता येत नाही, उघडून बघितलं की लगेच सांगता येतं.

संभाजीनगरात माझं अँप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. चर्चमध्ये वाजवणारी मुलं येतात, इंजिनिअरिंग कॉलेजांतले बँडवाले येतात. भीमजयंतीच्या आधी ऑर्केस्ट्रावाल्यांची झुंबड असते, आणि जालना, बीड, परभणीहून एसटीत पायाशी अँप ठेवून येणारेही असतात. गेली काही वर्षं यातला प्रत्येक गिटारवाला एकदा तरी विचारतो: "काका, मेसा बूगी ही अँपची कंपनी गिटारवाल्या गिब्सननं घेतली, अँपवाली मार्शल तर लागोपाठ दोनदा विकली गेली. यांचे अँप पूर्वीसारखे राहिलेत का? नवा घेऊ की जुना सेकंडहँड बघू?" दुकानात हातात सोल्डरिंग गन असताना दिलेलं उत्तर तुटकच असतं. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी एक सांगायला हवं. गिटारचा व्हॉल्व्ह अँप, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा अँप, हे काही गुपित यंत्र नाही. त्याची सर्किटं साठ-सत्तर वर्षं जुनी आहेत आणि जगभर छापलेली आहेत. मार्शलचा 1962 मधला पहिला अँप फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बासमन अँपवरून बेतलेला होता. मेसा बूगीच्या रँडल स्मिथनं 1969 च्या सुमाराला सुरुवात केली ती फेंडरच्याच प्रिन्स्टन नावाच्या इवल्याशा अँपमध्ये मोठ्या अँपचं सर्किट आणि बारा इंची स्पीकर कोंबून. गिटारवादक कार्लोस सँटानाला तो ऐकून आवडला आणि तिथून कंपनी उभी राहिली. मग मोठी कंपनी पैसे मोजून नेमकं काय घेते? नाव घेते, दुकानदारांची साखळी घेते, नमुने आणि पेटंट घेते. सोबत काही वर्षांपुरती ती माणसंही मिळतात, ज्यांना कुठला कपॅसिटर बदलला की आवाज कुठं बिघडतो हे कानानं कळतं. माझ्या मते सगळा प्रश्न या शेवटच्या माणसांचा आहे. बाकीचं कागदावर लिहून देता येतं.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण फेंडरचंच आहे. 1965 मधली फेंडर म्हणजे आजच्या अर्थानं हातानं मोजके अँप बनवणारी छोटी कंपनी नव्हती, तिचा पसारा बराच मोठा झाला होता. पण शेवटचा शब्द एका माणसाचा होता. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. 1938 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यानं 'फेंडर रेडिओ सर्व्हिस' नावाचं दुकान टाकलं. त्याचे अँप उघडले की हा माणूस आपल्यातला आहे हे लगेच कळतं. मागची फळी काढा, चेसिसचे (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याचे) स्क्रू सोडा, आख्खं सर्किट समोर. फायबरच्या पाटीवर पितळी आयलेट (छोट्या पोकळ कड्या) ठोकलेली, त्यात एकेक रेझिस्टन्स आणि कपॅसिटर सुटा बसवलेला. कुठलाही एक भाग शेजारच्याला धक्का न लावता काढता येतो. कुठल्या जागी कुठला व्हॉल्व्ह बसतो त्याचा कागद पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. दुरुस्तीला बसणाऱ्या माणसाचा विचार आधीच करून ठेवलाय.

जानेवारी 1965 मध्ये लिओनं ही कंपनी अमेरिकेतल्या सीबीएस या रेडिओ-टीव्हीच्या बलाढ्य कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. कारण तब्येत. सायनसच्या जुन्या दुखण्यानं तो पिचला होता, आपलं फार दिवस नाही असं त्याला वाटत होतं. (पुढं तो बरा झाला, म्यूझिक मॅन आणि मग जी अँड एल या कंपन्यांत त्यानं काम केलं आणि 1991 पर्यंत जगला.) लगेच काही बदललं नाही. काळ्या पॅनलचे अँप तसेच निघत राहिले, आणि 1967 पर्यंतचे ते अँप आज जगात सर्वांत जास्त मागणी असलेल्यांत आहेत. म्हणजे विक्रीनंतरची पहिली दोन वर्षं गिऱ्हाइकाला काही कळलं नसणार.

मग पॅनल चंदेरी झालं आणि आतही हात घातला गेला. सत्तरच्या दशकातला फेंडरचा एक ट्विन रिव्हर्ब अँप माझ्याकडं आला होता. मुंबईच्या एका जुन्या हॉटेल बँडकडून फिरत फिरत तो नांदेडच्या एका वादकापर्यंत पोचला होता. त्याची तक्रार होती की आवाज साफ आहे, दणकट आहे, पण जोरात वाजवला की कोरडा पडतो. उघडला. पाटी तीच, आयलेट तीच. पण तारा कापडी आवरणाच्या जाऊन प्लास्टिकच्या आलेल्या, आणि त्या ज्या वाटेनं जायला हव्यात तशा गेलेल्या नाहीत. व्हॉल्व्ह अँपमध्ये तार कुठून जाते याला फार महत्त्व असतं. आउटपुटकडची तार इनपुटकडच्या तारेजवळून गेली की अँप स्वतःशीच बोलायला लागतो. आपल्याला ऐकू येणार नाही इतक्या उंच पट्टीत तो ओरडत राहतो, व्हॉल्व्ह तापतो आणि आवाज मरतो. यावरचा खरा उपाय म्हणजे तारा नीट लावणं. पण रोजचे नग वाढले, हात नवे आले, आणि प्रत्येक नगात तारा नीट लावून घेणं परवडेना. म्हणून कारखान्यानं काय केलं, तर पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल आत शिरतो त्या टोकावर) दोन छोटे कपॅसिटर टाकून ते ओरडणं दाबून टाकलं. ओल आलेल्या भिंतीवर चुना मारावा तसं. ओरडणं थांबलं, पण सोबत आवाजाचा वरचा कोवळा भागही गेला.

दुसरा बदल त्याहून जास्त सांगून जातो. जुन्या अँपमध्ये व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे तो किती करंट घेईल आणि किती तापेल हे, कमी-जास्त करायला एक पॉट (फिरवायची कळ) असायचा. नवे व्हॉल्व्ह घातले की मीटर लावून तो जुळवायचा. सीबीएसच्या काळात त्या जागी जो पॉट आला, तो फक्त दोन बाजूंचा तोल साधून गुणगुण कमी करायचा. व्हॉल्व्ह किती तापावा हे ठरवायची सोय दुरुस्तीवाल्याच्या हातातून गेली. कारखान्याच्या शेवटच्या टेबलावर बसलेल्या माणसाला मात्र सोपं झालं: पॉट फिरवा, गुणगुण थांबली की नग पुढं. हा बदल आवाजासाठी झालेलाच नव्हता. तो उत्पादनाच्या वेगासाठी होता. मोठ्या कंपनीची सही मला अशाच जागी दिसते.

याच्या आधी, 1966 च्या सुमाराला, फेंडरचे ट्रान्झिस्टरवर चालणारे अँपही बाजारात आणून झाले होते. ते सारखे बंद पडायचे, टिकले नाहीत. लिओबरोबर कारखाना उभा केलेला व्यवस्थापक फॉरेस्ट व्हाइट त्याच काळात कंपनी सोडून गेला. आवाज बिघडायच्या आधी माणसं जातात, हा क्रम लक्षात ठेवा.

तरी त्या नांदेडच्या ट्विनचं भाग्य असं की आतली पाटी तीच होती. ते दोन कपॅसिटर काढले, बायसचं सर्किट जुन्या पद्धतीनं करून घेतलं, काही तारांची वाट बदलली, नवे डाग दिले. जगभरचे कारागीर हे काम करतात, त्याला ब्लॅकफेसिंग म्हणतात. कोरडेपणा गेला. वादकानं तासभर दुकानात बसून वाजवला, शेजारचा मोबाईलवाला येऊन उभा राहिला. विक्रीनं झालेलं नुकसान दुरुस्तीच्या टेबलावर उलटवता आलं, याचं मला अजून समाधान आहे. ते शक्य झालं कारण लिओनं आखलेली रचना मालक बदलूनही टिकली होती. पाटीच गेली असती तर माझ्यासारख्याच्या हातात काही उरलं नसतं.

या कथेतला शेवटचा आकडा मी प्रत्येकाला सांगतो. सीबीएसनं वीस वर्षं कंपनी चालवली आणि 1985 मध्ये बिल शुल्झ यांच्या नेतृत्वाखाली तिथल्याच माणसांनी ती विकत घेतली, 1 कोटी 25 लाख डॉलरला. वीस वर्षांच्या महागाईनंतर किंमत घेतली त्याहून कमी, आणि त्यात फुलर्टनचा कारखानाही नव्हता. नाव तेवढं आलं. पण ज्यांच्या हाती आलं ते वाद्यांच्या धंद्यातले होते, आणि त्यांनी पुन्हा उभं केलं. म्हणून "मोठी कंपनी वाईट" एवढं सरसकट मी म्हणत नाही. मालकाच्या मुख्य धंद्यात गिटार अँप कितव्या नंबरवर आहे, हे बघतो.

आता दुसरी बाजू, कारण पोरं इथं येऊन थांबतात. त्यांना वाटतं, छोटा कारागीर म्हणजे सगळं चांगलं, विकला की संपलं. तसं नसतं. कॅलिफोर्नियातला अलेक्झांडर डंबल घ्या. जगातले सर्वांत महागडे गिटार अँप त्याचे. आयुष्यभर एकट्यानं मोजकेच बनवले. आपलं सर्किट कुणी उतरवून घेऊ नये म्हणून तो आतल्या भागांवर इपॉक्सी (दगडासारखा घट्ट होणारा गोंद) ओतायचा. 2022 मध्ये तो गेला. त्या इपॉक्सीखाली एक रेझिस्टन्स जरी खराब झाला तरी दुरुस्तीवाल्यानं आधी छिन्नी घ्यायची की हीटर, हा प्रश्न. ट्रेनरेक अँप बनवणारा न्यू जर्सीचा केन फिशर 2006 मध्ये गेला. त्याच्या हयातीतच ते अँप दंतकथा झाले होते. अशा माणसांनी कंपनी कुणाला विकली नाही, ती त्यांच्याबरोबर थांबली. ज्याच्याकडं त्यांचा अँप आहे त्याला सुटा भाग, सर्किटचा नकाशा, सल्ला यातलं काही कारखान्याकडून मिळायचं नाही. म्हणून एखादा सत्तरीचा संस्थापक कंपनी विकतो तेव्हा मी त्याला नावं ठेवत नाही. कामगारांचे पगार कुणीतरी द्यायचे असतात, आणि अँप बनवणाऱ्याची मुलं अँपच बनवतील असं कुठं लिहिलंय.

मेसा बूगीचं तेच झालं. गिब्सननं ती जानेवारी 2021 मध्ये घेतली. संस्थापक रँडल स्मिथ तोवर पन्नास वर्षं याच कामात होता. बातमी आली तेव्हा माझ्याकडच्या मुलांचे चेहरे पडले, आणि त्याला कारण होतं. गिब्सनचा आधीचा इतिहास चांगला नव्हता. ऑपकोड ही संगीताचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी त्यांनी 1998 मध्ये घेतली आणि वर्षभरात तिचं काम थांबलं. केकवॉक ही तशीच सॉफ्टवेअर कंपनी 2013 मध्ये घेतली, 2017 मध्ये बंद केली. ब्रिटनची ट्रेस इलियट ही बास अँपची नावाजलेली कंपनी घेतली, तिचाही कारखाना थोड्याच वर्षांत बंद पडला. मग 2014 मध्ये फिलिप्सचा घरगुती ऑडिओचा धंदा कर्ज काढून घेतला, तो अंगावर आला, आणि 2018 मध्ये गिब्सननं दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्या शहराला ही गोष्ट परकी नाही. व्हिडिओकॉननं 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा घेतला, पोलंडपासून मेक्सिकोपर्यंतचे कारखाने त्यात होते. व्हिडिओकॉनचा कारखाना असलेल्या इथल्या चितेगावचं नाव तेव्हा जगभर गेलं म्हणून आम्हाला अभिमान वाटला होता. पण जग तेव्हाच पातळ टीव्हीकडं वळत होतं, आणि पुढं टेलिकॉमसारख्या धंद्यांतलं कर्ज चढत गेलं. 2018 मध्येच ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. तेव्हापासून एखादी कंपनी विकली गेल्याची बातमी वाचली की घेणाऱ्यावर कर्ज किती आहे आणि आधी घेतलेल्या कंपन्यांचं त्यानं काय केलं, एवढं मी आधी बघतो. विकली गेलेली कंपनी किती चांगली होती हे नंतर.

तरीही मेसाच्या बाबतीत आतापर्यंत जे दिसतं ते मला बरं वाटतं. दिवाळखोरीतून बाहेर आलेल्या गिब्सनचे मालक वेगळे होते. मेसाचा कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाचा कारखाना त्यांनी चालू ठेवला. 2024 मध्ये गिब्सनच्या स्वतःच्या नावाचे फाल्कन अँप आले, तेही तिथंच बनवलेले. त्याच वर्षी 1980 च्या दशकातला मेसाचा मार्क टू सी प्लस हा अँप पुन्हा बाजारात आणला, ज्याच्यासाठी लोक जुन्या बाजारात लाखो रुपये मोजत होते. याचा अर्थ घेणाऱ्याला त्या कारखान्यातल्या हातांची किंमत कळलीय. नाव ठेवून काम दुसरीकडं हलवणं सोपं होतं, तसं केलं नाही. पुढं काय होईल ते बघूच. सीबीएसचीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं चांगलीच होती.

आणि एक गोष्ट मेसाच्या चाहत्यांना कडू लागेल तरी सांगतो. दुरुस्तीवाल्याला त्रास देणाऱ्या काही गोष्टी तिथं गिब्सनच्या आधीपासून आहेत. बायस जुळवायला पॉटच नाही. कंपनीनं तपासून, रंगाचा शिक्का मारून दिलेले व्हॉल्व्ह घ्यायचे, म्हणजे जुळवायची गरज नाही, हा खुद्द रँडल स्मिथचा आग्रह. कॅलिफोर्नियात बसून हे पटतं. धाराशिवच्या मुलाला शिक्क्याचा व्हॉल्व्ह कुठून मिळायचा? त्याला जो मिळेल तो घालावा लागतो, आणि मग मला फिक्स रेझिस्टन्स काढून तिथं पॉट बसवावा लागतो. आतला पीसीबीही (छापील सर्किटचा बोर्ड) दाट आहे, एक जॅक बदलायला बरंच काही सोडवावं लागतं. पण बोर्ड जाड, दर्जेदार, ट्रॅक सहजी उचलत नाहीत. हातानं तारा जोडलेला तेवढा चांगला आणि पीसीबीचा वाईट, असं मी मानत नाही. पीसीबी कुठला आणि त्याच्यावर तापणारा भाग कसा बसवलाय, हे महत्त्वाचं.

मार्शलचं थोडक्यात. स्टॉकहोमची झाउंड इंडस्ट्रीज ही कंपनी 2010 पासून मार्शलचं नाव भाड्यानं घेऊन हेडफोन विकत होती. आपल्याकडं मॉलमध्ये दिसणारे ब्लूटूथ स्पीकर तेच. 2023 मध्ये नाव भाड्यानं घेणाऱ्यानंच मूळ अँपवाल्याला विकत घेतलं, आणि 2025 मध्ये हाँगशान या चिनी गुंतवणूक कंपनीनं त्यातला मोठा हिस्सा घेतला. सगळ्या समूहाची किंमत तेव्हा 1.1 अब्ज युरो ठरली, मार्शल कुटुंबाकडं वीस टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा उरला. एवढी किंमत गिटार अँपची नाही, हे वेगळं सांगायला नको. अँप त्या दुकानातला मानाचा फोटो झालाय. इंग्लंडच्या ब्लेचलीला बनणारे अँप अजून चांगले निघतात, पण कुठल्या मॉडेलची पेटी कुठल्या देशातून येते ते मागच्या पट्टीवर वाचून घ्या, सगळी ब्लेचलीची नसतात.

व्हॉक्स आणि अँपेग या नावांचा प्रवास तर आणखी लांब. व्हॉक्स केंटमधल्या डार्टफर्डची, टॉम जेनिंग्जनं 1964 मध्ये नियंत्रण सोडलं, नंतर नाव हातोहात फिरत 1992 मध्ये जपानच्या कोर्गकडं आलं. अँपेग 1971 मध्ये मॅग्नावॉक्सकडं गेली, तिथून पुढं एका हातातून दुसऱ्या हातात जात 2018 मध्ये यामाहाच्या गिटार विभागाकडं. यातल्या मधल्या मालकांच्या काळातला अँप टेबलावर आला की पहिलं काम म्हणजे तो नेमका कुठल्या मालकाच्या वर्षाचा आहे हे ओळखणं. नाव एक आणि आत चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या सवयी.

आता आपल्याकडच्या खऱ्या अडचणीवर येतो, कारण कॅलिफोर्नियातल्या मालकापेक्षा ती आपल्याला जास्त भोवते. मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो आणि लाईट खालीवर होत असते. गावाकडच्या कार्यक्रमात जनरेटर चालू-बंद होताना जे झटके बसतात त्यांत आधी फ्यूज आणि पॉवर व्हॉल्व्ह जातो, आणि कुणी फ्यूजच्या जागी तार घातली असेल तर ट्रान्सफॉर्मर जातो. परदेशी अँपचा ट्रान्सफॉर्मर मागवायचा म्हणजे अँपच्या किमतीचा चांगला हिस्सा. पण आपल्याकडं एक मोठी दौलत आहे: बोअरच्या मोटारी रिवायंडिंग करणारे कारागीर. प्रत्येक तालुक्याला सापडतात, तांब्याच्या तारेचं गेज बोटांनी ओळखतात.

माझे काही आउटपुट ट्रान्सफॉर्मर जालन्याच्या अशाच एका कारागिराकडून होतात. आधी त्यानं मोटारीच्या सवयीनं सगळी प्रायमरी (व्हॉल्व्हकडचे वेढे) एकदम आणि वरून सगळी सेकंडरी (स्पीकरकडचे वेढे) गुंडाळून दिली होती. अँप चालला, पण आवाज तोंडावर उशी ठेवल्यासारखा दबका. गिटार अँपच्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीचा थर, मग सेकंडरीचा, पुन्हा प्रायमरीचा, असे थर एकाआड एक घालावे लागतात. मध्ये कागद, वेढे घट्ट, शेवटी वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत. तसं केलं तरच वरच्या पट्टीतला आवाज पलीकडं पोचतो. त्याला जुना जळलेला ट्रान्सफॉर्मर दिला, त्यानं तो थराथरानं उलगडून वेढे मोजले, वहीत उतरवले, आणि तसाच्या तसा बांधला. आता त्या वहीत तीन-चार मॉडेलचे आकडे आहेत.

हे सगळं शक्य होतं कारण जुन्या अँपचा नकाशा मिळतो. कंपनी विकली गेल्यावर मला सर्वांत आधी फरक जाणवतो तो इथं. एका छोट्या परदेशी कंपनीचा अँप काही वर्षांपूर्वी माझ्याकडं आला होता, नाव सांगत नाही. पॅनलवरच्या पत्त्यावर मेल टाकला तर संस्थापकानं स्वतः उत्तर दिलं, हातानं काढलेला नकाशा स्कॅन करून पाठवला आणि कुठल्या ठिकाणी किती व्होल्ट यायला हवेत तेही पेननं लिहून दिलं. पुढं ती कंपनी एका मोठ्या समूहानं घेतली. त्याच मॉडेलचा नंतरचा अँप आला तेव्हा मी पुन्हा मेल केला. उत्तर आलं: नकाशा फक्त अधिकृत सेवा केंद्राला, आपल्या जवळच्या केंद्राशी संपर्क साधावा. जवळचं केंद्र भारतात नव्हतंच. बोर्ड तपासला, बिघाड एका रिलेचा होता, पण तो शोधायला आठवडा गेला जो नकाशा असता तर अर्ध्या तासात झाला असता. अँप वाजायला दोन्ही सारखेच होते, हेही खरं सांगतो. आवाज बदललाच नव्हता. बदललं होतं ते पलीकडं उत्तर देणारं माणूस. गिऱ्हाइकाला हे खरेदीच्या दिवशी दिसत नाही. पाच वर्षांनी, बरोब्बर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दिसतं.

उलट आहुजाचा अँप बघा. मराठवाड्यातल्या कुठल्याही कीर्तनाला, सभेला तो असतो. त्याचा सुटा भाग आणि त्याची माहिती असलेला माणूस जवळच्या बाजारपेठेत मिळतोच. म्हणून पंचवीस-तीस वर्षांचे अँप अजून देवळात चालू आहेत. गिटारवाल्यांनी इथून शिकायला हरकत नाही.

व्हॉल्व्हबद्दल एक वाक्य. मालक कुणीही असो, गिटार अँपचे नवे व्हॉल्व्ह मुख्यतः मोजक्याच ठिकाणी बनतात: रशियाचं सारातोव्ह, स्लोव्हाकियाचं चाद्त्सा आणि चीन. 2022 मध्ये युद्धामुळं रशियाचा माल अडला तेव्हा छोटे कारागीर आणि बड्या कंपन्या एकाच रांगेत उभ्या होत्या.

तेव्हा नवा की जुना? मी असं सांगतो. कंपनी विकली गेली असेल तर विक्रीचं साल शोधा आणि तुमच्या मॉडेलचं डिझाइन त्याच्या आधीचं की नंतरचं ते बघा. संस्थापक किंवा त्याच्या हाताखालचे डिझाइनर अजून आहेत का, कारखाना त्याच गावात आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. मग कंपनीला एक साधा मेल करा: या मॉडेलचा नकाशा मिळेल का? काय उत्तर येतं, किती दिवसांत येतं, त्यावर पैसे द्यायचे की नाही ते ठरवा. मी स्वतः यालाच सर्वांत जास्त वजन देतो. फोटोत आतला भाग दिसत असेल तर मला पाठवा. व्हॉल्व्हचे सॉकेट थेट बोर्डावर आहेत की चेसिसला कसलेले, तेवढं बघून मी सांगू शकतो की आपल्या उन्हाळ्यात तो कसा टिकेल. चेसिसला कसलेले असतील तर घ्या.

बीडहून जो मुलगा मेसाचा मार्क घ्यायचं म्हणतोय, त्याला माझं सांगणं आहे की घे. पण अमेरिकेतून कुणाच्या सामानात 120 व्होल्टचा आणू नकोस, 230 व्होल्टचाच घे. सोबत त्याच शिक्क्याच्या पॉवर व्हॉल्व्हचा एक जास्तीचा संच आणि पाच-सहा योग्य रेटिंगचे फ्यूज मागव, आणि वाजवायला सुरू करण्याआधी एकदा इकडं घेऊन ये. कोऱ्या अँपमधले सगळे व्होल्टेज मोजून कागदावर लिहून ठेवू, तो कागद पेटीच्या आत चिकटवू.